आपला वाडा ग्रुप: झिरोला तंबू की होमस्टे

(आमच्या घरच्या ग्रुपवरची दोन दिवसांची चर्चा. मधले सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि एका वाढदिवसाच्या सगळ्या शुभेच्छा गाळल्यात, नाहीतर वाचून संपलं नसतं.)

बंड्यादादा: मंडळी सप्टेंबरच्या शेवटी झिरो फेस्टिवलला जायचं का सगळ्यांनी मिळून, पोरांसकट. चार दिवस गाणं आणि तंबूत मुक्काम. कोण कोण येतंय ते लवकर सांगा म्हणजे गुवाहाटीची विमानं बघतो, नंतर तिकीट महागलं म्हणून माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत

मोठेकाका: झिरो म्हणजे काय

बंड्यादादा: गाव आहे काका. अरुणाचलात

मोठेकाका: मला वाटलं फुकट आहे

चिनू: काकाआजोबा 😂😂 आई प्लीज प्लीज हो म्हण, युनिट टेस्ट ऑक्टोबरमध्ये आहे शप्पथ

मी: शपथा ग्रुपवर घेऊ नकोस, घरी ये मग बोलू

मोठीकाकू: अरे सप्टेंबर अखेर म्हणजे पितृपक्ष लागेल. अप्पांची तिथी असते त्यात, ह्यांना जाता येणार नाही

मीनाआत्या: आणि तंबूत कोण झोपणार? माझे गुडघे बघितलेस का

बंड्यादादा: आत्या आधी ऐकून तर घे. मी २०१९ ला मित्रांबरोबर गेलो होतो ना, असं खोरं आहे सगळीकडे भातखाचरं, चहूबाजूंनी पाइनचे डोंगर, आणि तिथले आपातानी लोक त्या भाताच्या पाण्यातच मासे पाळतात, एकाच खाचरातून भातही आणि मासेही, बैल नाही नांगर नाही. स्टेज पूर्ण बांबूचं, गावातलीच माणसं बांधतात. दोन स्टेज असतात, दिवसाचं सूर्याच्या नावाचं रात्रीचं चंद्राच्या, कारण त्यांच्या धर्मात डोन्यी पोलो म्हणजे सूर्य चंद्रच देव. २०१२ पासून चालू आहे हे

मोठेकाका: गातं कोण

चिनू: ईशान्येकडचे खूप बँड, लोकसंगीत, इंडी, रॉक. यावेळचे अजून जाहीर नाही झालेत

बंड्यादादा: २०१४ ला सॉनिक यूथचे दोघं येऊन वाजवून गेलेत काका

मोठेकाका: ते कोण मला माहीत नाही पण गेलेत म्हणजे बरंच झालं. तबला आहे का कुठे

स्नेहावहिनी: बंड्या २०१९ चं सांगतोयस तर पूर्ण सांग ना. तंबू कुठे लावला होतास ते सांग आत्यांना

बंड्यादादा: ते कशाला आता

स्नेहावहिनी: थांबा मी सांगते. सगळ्या मैदानात ह्याला एकच सपाट जागा दिसली आणि ह्याने तिथे लावला. सपाट का होती तर आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन थांबायचं म्हणून. रात्री दीडला पाऊस

बंड्यादादा: बरं सांगतोच, सगळ्यांना उपयोगच होईल. चूक जागेची होती पण त्याहून मोठी चूक ताडपत्रीची. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर वीतभर डोकावत होती, आम्हाला वाटलं चपला ठेवायला अंगण झालं. तर वरून तंबूवर पडलेलं सगळं पाणी ओघळून त्या अंगणात आणि तिथून सरळ आमच्या पाठीखाली. झोपेत असं वाटलं कोणीतरी गादी हळूच उचलतंय. ताडपत्री नेहमी तंबूपेक्षा चार बोटं लहान पाहिजे, मोठी असेल तर कडा आत दुमडायच्या. सकाळी बाहेर बघतो तर डाव्या बुटात काठोकाठ पाणी आणि उजव्यात पाणी प्लस कोणाचातरी चमचा. चमचा कोणाचा ते आजपर्यंत कळलं नाही

चिनू: 😭😭😭 मला जायचंच आहे आता

मीनाआत्या: मला नाही जायचं आता

मी: आमचं पवनेचं कॅम्पिंग आठवतंय ना सगळ्यांना, तलावाकाठी शांत रात्र म्हणून पैसे भरले आणि रात्री दोनपर्यंत शेजारच्या तंबूंचा डीजे, तंबू तर इतके चिकटून की पलीकडच्या माणसाने कूस बदलली की आमचं कापड हलायचं. बाथरूमला रांग, तीसुद्धा मोबाईलच्या टॉर्चमध्ये

मोठेकाका: ते कॅम्पिंग नव्हतं, वऱ्हाड होतं

मोठेकाका: आणि तंबू लागतोच कशाला गाणं ऐकायला. आम्ही सवाईला रमणबागेत सतरंजी टाकून रात्र रात्र बसलोय. डिसेंबरची थंडी, कानटोपी, दोन स्वेटर, थर्मासात चहा. तुझी काकू शेंगदाण्याच्या वड्या आणायची, बारानंतर डबा उघडला की मागच्या रांगेतले लोकसुद्धा ओळखीचे व्हायचे. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता भीमसेनजी गायला बसायचे, आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची रेकॉर्ड लागायची, तिला कोणी उठायचं नाही. मग रात्री दहाला माइक बंद करायचा नियम आला आणि रात्रीचं बसणं संपलं. आता मुकुंदनगरला खुर्चीत बसून ऐकतो, पाठीला बरं आहे एवढंच

बंड्यादादा: काका मग तुम्हीच यायला पाहिजे. रात्रभर मैदानात बसायची सवय तुमच्याइतकी कोणाला नाहीये घरात

मोठेकाका: मी नाही कुठे म्हटलं. तिथीचं म्हणतेय ही

मोठीकाकू: तारखा पक्क्या झाल्या की पंचांग बघते. तिथी त्याच दिवसांत आलीच तर सर्वपित्रीला करता येतं, गुरुजींना विचारते एकदा. अप्पा स्वतः सवाईचं तिकीट काढायला पहाटे रांगेत उभे राहायचे, ते काही रागवायचे नाहीत

मोठेकाका: 👍

स्नेहावहिनी: मग आता मुद्द्याचं. परमिट लागतं. इनर लाइन परमिट, अरुणाचल बाहेरच्या सगळ्यांना, ऑनलाइन मिळतं, पोरांचीही काढून टाकू

मोठेकाका: आपल्याच देशात परमिट?

बंड्यादादा: हो काका, १८७३ चा इंग्रजांचा कायदा आहे मुळात. त्यांनी आपल्या चहाच्या मळ्यांच्या आणि व्यापाराच्या सोयीसाठी रेघ मारली, आता तिथल्या लोकांना ती हवीच आहे कारण तिच्यामुळे बाहेरच्यांची गर्दी आटोक्यात राहते. प्रिंट काढून जवळ ठेवायची, फोनवर विसंबायचं नाही, माझा फोन चार दिवस नुसता टॉर्च होता, रेंजच नाही. कॅशपण इथूनच न्यायची

मी: पोचायचं कसं, नीट सांग. पाच वर्षांचं पोर आहे तुमचं

बंड्यादादा: पुणे गुवाहाटी विमान. तिथून रात्रीची ट्रेन नाहरलगुनला, सकाळी उतरायचं, मग सुमो. शंभर किलोमीटरच्या आसपास आहे पण घाट आहे, चार तास धरा, पाऊस असला तर जास्त. इटानगरजवळ होलोंगीला २०२२ मध्ये विमानतळ झालाय, पण मला ट्रेन बरी वाटते, काकांना आडवं होता येईल. एकच आहे, दुपारी तीनच्या आत मैदानात पाहिजे. तिकडे पाच सव्वापाचला अंधार पडतो

मोठीकाकू: पाचला दिवेलागण? 

बंड्यादादा: हो, आणि पहाटे पाचला उजेड. पूर्वेला आहे ना, घड्याळ मात्र आपलंच. मागच्या वेळी अंधारात तंबू लावणाऱ्यांचे हाल बघितलेत मी, खुंट्या कुठे, दोऱ्या कुठे, आणि एकमेकांच्या दोऱ्यांत पाय

चिनू: तू लावलेलास ना उजेडात? 

बंड्यादादा: गप

मोठेकाका: माझा तो छोटा गॅसचा स्टोव्ह घेतो, चहा आपला आपण करू. बाहेरचा चहा चार दिवस नाही चालणार मला

बंड्यादादा: काका ते गॅसचं कॅन विमानात चालत नाही, खालच्या बॅगेतसुद्धा नाही. पॉवरबँक उलट हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, खाली टाकल्या तर बॅग उघडायला लावतात. चहा मिळतो तिथे

मोठेकाका: कसला

बंड्यादादा: शेजारी आसाम आहे काका

मोठेकाका: बरं

मीनाआत्या: माझा गुरुवार असतो. आणि तिथे सगळं मांसाहारी असणार

स्नेहावहिनी: भात आणि भाज्या मिळतात आत्या, बांबूचे कोंब घातलेले असतात, वास जरा उग्र पण चव चांगली म्हणतो हा. मी मेतकूट, भाजणी, दशम्या आणि दाण्याची चटणी घेणारच आहे. गुरुवारसाठी राजगिऱ्याचे लाडू

बंड्यादादा: आणि तांदळाची बिअर असते, अपोंग, बांबूच्या पेल्यात देतात

मोठेकाका: ती उपासाला चालते का

मोठीकाकू: अहो 🙏

मी: जळवा आहेत का तिकडे

बंड्यादादा: रानातल्या वाटेवर मला दोन लागल्या होत्या, ताम्हिणीत लागतात तशाच. मीठ जवळ ठेवायचं. गमबूट मात्र प्रत्येकाला पाहिजेतच, ट्रेकचे भारीतले बूट तिथल्या चिखलात एका दिवसात मरतात. मोजे दिवसाला दोन जोड, कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून झोपायच्या जागी, तो मेलात तरी दिवसा घालायचा नाही. पाय रात्री कोरडे असले की बाकी सगळं माणूस सहन करतं

स्नेहावहिनी: छोट्याला कानावर लावायचे ते मोठे हेडफोनसारखे मिळतात ना, आवाज अडवणारे, ते आणलेत मी. स्पीकरपासून लांबच बसायचं आपण

अभय: शुभ रात्री 🌙 (फोटो)

मी: अभय अरे येणारेस का ते सांग

अभय: कुठे

स्नेहावहिनी: आता झोपायचं ठरवू आणि हे फायनल. गावात आपातानी लोकांच्या घरी होमस्टे असतात, फेस्टिवलच्या दिवसांत लवकर भरतात म्हणून आत्ताच एक घर घेऊन ठेवू. त्यात आत्या, काका, काकू आणि छोटा. बाकीचे तंबूत. पाऊस फारच लागला तर सगळे ओले गोळे त्या घरात सुकायला जातील. म्हणजे ते घर आपल्या सगळ्यांचंच आहे, कोणी कमीपणा मानू नये

मोठेकाका: मी तंबूत

मोठीकाकू: ह्यांना खुशाल तंबूत न्या. मी आणि मीनावन्सं घरात. चाळीस वर्षांनी चार रात्री घोरणं नसलेली झोप मिळेल

मोठेकाका: घोरतो म्हणे. ताडपत्री चार बोटं लहान ना रे बंड्या?

बंड्यादादा: हो काका. उतारावर लावायचा, डोकं वरच्या बाजूला. जागा तुम्ही निवडा यावेळी

स्नेहावहिनी: चला, परमिटसाठी एकट्याचा पासपोर्ट साइज फोटो आणि आधार मला पर्सनलवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका. परत सांगते ग्रुपवर टाकू नका

मोठेकाका: (फोटो)

मी: काका हे आधार ग्रुपवर आलं! डिलीट करा

मोठेकाका: केलं

चिनू: अजून दिसतंय

मोठेकाका: मला नाही दिसत

चिनू: काकाआजोबा तुम्ही डिलीट फॉर मी केलंत 😭

स्नेहावहिनी: ॲडमिनला काढता येतं. ॲडमिन कोण आहे

मी: अभय

स्नेहावहिनी: अभय!!

अभय: सुप्रभात 🌹

मीनाआत्या: स्नेहा माझा हा फोटो चालेल का गं, पर्सनलवर जात नाहीये म्हणून इथेच टाकते (फोटो)

स्नेहावहिनी: आत्या छान आहे पण बाजूला कोणाचातरी खांदा आलाय बघा. एकट्या तुमचाच लागेल

मीनाआत्या: ह्यांचा आहे तो. कापून बघितला, अर्धा राहतोच. त्यानंतर एकटीचा काढलाच नाही मी

मी: आत्या तुझ्या गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ आहे ना तो फोटोवाला

मीनाआत्या: आहे. उद्या अकराला उघडतो, जाऊन येते. आणि स्नेहा गमबूट पाच नंबर लिही माझा. मोजे जाड असणार असतील तर सहा