अनुभव धागा : ‘मला कुणी गंडवू शकत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रचार, अपप्रचार, पेरलेल्या बातम्या यांवर गप्पा सुरू झाल्या की त्या हमखास एकाच वळणावर जातात : लोक किती भोळे आहेत! लोक म्हणजे अर्थातच बाकीचे. म्हणून या धाग्याला एकच अट. दुसरे कसे फसले ते नको. तुम्ही स्वतः कधी गंडलात, किंवा कुणाला गंडवायला हातभार लावलात, तेवढंच लिहा. पक्ष, नेते, वाहिन्या यांची नावं टाळा. नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून धाग्याचा आखाडा होतो.

सुरुवात माझ्यापासून. एका संस्थेने देणग्यांचे पैसे खाल्ले, असं मी आठवडाभर छातीठोकपणे सांगत होते. आधी मैत्रिणीने सांगितलं, मग ऑफिसातल्या एकाने, मग चुलतभावाने. तिघांची एकमेकांशी ओळखही नाही, मग आणखी काय पुरावा हवा? पुढे कुणीतरी विचारलं, ‘मूळ कुठलं?’ तेव्हा उलटं चालत गेले. मैत्रीण आणि ऑफिसातला, दोघांनीही एकच चाळीस सेकंदांची क्लिप पाहिली होती. चुलतभावाला वहिनीने सांगितलं होतं. आणि वहिनीला मी.

१९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं दाखवली, काही खरी, काही खोटी. जी पुन्हा पुन्हा समोर आली ती त्यांना जास्त खरी वाटू लागली, खोटी असली तरीही. माझ्या बाबतीत तर पुन्हा पुन्हा सांगणारीही मीच निघाले. संस्थेचं काय झालं? काहीही नाही. क्लिपमधला हिशेबाचा कागद दुसऱ्याच कुणाचा होता.

आता तुम्ही.

रातपाळी

अकरा वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. जाणूनबुजून खोटी बातमी कधी लावली नाही. क्रियापदं मात्र रोज निवडली. माणूस काहीतरी बोलला. आता तो ‘म्हणाला’, की त्याने ‘दावा केला’? ‘स्पष्टीकरण दिलं’ की ‘सारवासारव केली’? ‘कबूल केलं’ असं छापलं की पुढची बातमी न वाचताच तो गुन्हेगार. आम्हाला वरून कुणी फोन करून सांगत नसे. कुणाच्या वाट्याला ‘म्हणाले’ आणि कुणाच्या वाट्याला ‘दावा’, हे दोन-तीन महिन्यांत अंगवळणीच पडतं. नव्या पोरांना शिकवावंसुद्धा लागत नाही.

दुसरं शीर्षकाचं. ‘चौघांना गोळ्या घातल्या’ आणि ‘गोळीबारात चौघे ठार’. दुसऱ्यात गोळ्या आपल्या आपण सुटतात, घालणारा कुणी नाहीच. जागा कमी होती म्हणून दुसरं घेतलं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. परवा सहज अक्षरं मोजली, तर दुसरंच एका अक्षराने लांब आहे.

आणि एक कबुली. रात्री साडेअकराला पान अडलेलं असताना प्रेसनोट म्हणजे देवासारखी वाटते. मथळा, फोटो, साहेबांचं अवतरण, सगळं तयार. मी एक नोट जशीच्या तशी सोडली. दुसऱ्या दिवशी आमच्यासह तीन वर्तमानपत्रांत ‘पुनर्वसन’चं ‘पुर्नवसन’ झालेलं होतं. तिन्हीकडे वर ‘प्रतिनिधीकडून’.

आकडेमोड

तुमच्या क्रियापदांसारखा आमचा आलेखातला उभा अक्ष. ९४ वरून ९७ वर गेलेला आकडा. अक्ष शून्यापासून घेतला तर दोन जुळे खांब दिसतात. ९३ पासून घेतला तर दुसरा खांब पहिल्याच्या चौपट. वार्षिक अहवालासाठी तो आलेख मी स्वतः केला, साहेबांनी पाठ थोपटली. त्यात खोटं काहीही नव्हतं. आजही तेच म्हणेन, आणि तेच खुपतं.

साधा माणूस

मला यातल फार कळत नाही पण हल्ली सगळ विकलेल असत अस सगळेच म्हणतात. वाचतोय.

दारोदार

कॉलेजात असताना सुट्टीत मतचाचणीचं काम केलं होतं. छापील प्रश्नावली, घरोघर जायचं. पहिले पाच प्रश्न नेहमीचे. सहावा असा : ‘अमुक उमेदवाराने नातेवाइकांना कंत्राटं दिली असं तुम्हाला कळलं, तर तुमचं मत बदलेल का?’ दिली असं कुठेच म्हटलेलं नाही. ‘कळलं तर’! उत्तर काय येतं याला वरच्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे महिनाभर तसेच पडून होते, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाचणी नव्हतीच ती, दारोदार वाक्य पोचवायचं काम होतं. पंधरा दिवसांनी रांगेत उभी असताना पुढच्या दोन बायका बोलत होत्या, ‘त्याने म्हणे नातेवाइकांना कंत्राटं दिली.’ माझंच वाक्य, ‘तर’ गळलेलं.

माजी वक्ता

१९९० साली मी वादविवाद स्पर्धांत भाग घ्यायचो. त्या ऑक्टोबरमध्ये, १० तारखेला, अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलातल्या काचपेट्यांतून नवजात बाळांना काढून थंडगार फरशीवर मरायला टाकलं. मी ते भाषणाच्या शेवटी ठेवलं. आवाज कुठे खाली आणायचा, ‘फरशी’ या शब्दानंतर किती थांबायचं, आरशासमोर उभा राहून बसवलं होतं. सभागृहात दोघी डोळे पुसत होत्या. पहिला आलो.

जानेवारी १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची होती, आणि ती साक्ष ज्या मोहिमेचा भाग होती ती हिल अँड नॉल्टन ही जनसंपर्क कंपनी चालवत होती. काचपेट्यांच्या त्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही. तोवर अमेरिकेचं इराकशी युद्ध होऊन गेलं होतं. इराकने कुवेतमध्ये अत्याचार केले नव्हते असं कुणी म्हणत नाही, केलेच होते. पण खरं पुरेसं दारुण असताना वर आणखी एक गोष्ट लागली, कारण आकड्यांनी डोळ्यांत पाणी येत नाही. मला तरी कुठे येत होतं?

चषक अजून आहे कपाटात. परत कुणाला करायचा?

सोडली एकदाची

मी २२ वर्षं सिगारेट ओढली. अडाणी नाही, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा माणूस. माझं ठरलेलं वाक्य : ‘तज्ज्ञांमध्येच अजून एकमत नाही.’ हे मी स्वतः विचार करून काढलंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

खूप नंतर वाचलं. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत एकत्र जाहिरात दिली. ‘सिगारेट चांगली असते’ असं त्यात कुठेही नव्हतं. तुमच्या आरोग्याची आम्हालाही काळजी आहे, पण अजून काही सिद्ध झालेलं नाही, आम्ही संशोधनाला पैसे देऊ, असा सूर. १९६९ च्या एका कंपनीच्या आतल्या कागदात तर साफ लिहिलंय की शंका हाच आपला माल आहे. म्हणजे माझ्या खिशात पाकीट त्यांचं आणि तोंडात वाक्यही त्यांचंच.

त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, एडवर्ड बर्नेस या जनसंपर्कवाल्याने ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना सिगारेट पेटवून चालायला लावलं. बातम्या आल्या त्या ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून. पैसे एका सिगारेट कंपनीचे.

(धागाकर्त्या ताई, शेवटचा परिच्छेद अनुभव नाही, कळतंय. राहू द्या.)

सुटलो बुवा

नवा आयडी घेऊन लिहितोय, कारण सांगायला नको. एका कंपनीत नऊ महिने होतो. कार्डावर ‘कंटेंट एक्झिक्युटिव्ह’. प्रत्यक्षात १७ खाती चालवायचो. एक्सेल शीटमध्ये दर खात्याची एक ओळ : वय, नोकरी, बोलण्याची ढब, चिडतो कशावर. शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा ठरलेल्या. एकजण अनुस्वार कधीच देत नसे. त्याच्या नावाने लिहिताना टाइप करून मग शोधून शोधून अनुस्वार काढायचो, त्यात जास्त वेळ जायचा.

माझी आवडती होती एक निवृत्त शिक्षिका. तिच्या दहातल्या नऊ पोस्टी गुडघ्याच्या, कुंडीतल्या रोपाच्या, फोन न करणाऱ्या मुलाच्या. दहावी कामाची, तीही तावातावाने नाही. ‘मला राजकारणातलं फारसं कळत नाही, पण...’ अशी सुरुवात. तो ‘पण’ खपावा म्हणून आधीच्या नऊ.

हॅशटॅगच्या दिवशी दुपारी चारला गूगल डॉक यायचं, त्यात चाळीस वाक्यं. वेळ गाठायची, कारण थोड्या वेळात खूप पोस्टी पडल्या तरच ट्रेंड चढतो. एका नव्या पोराने घाईत वरची सूचनाही चिकटवली : ‘खालीलपैकी कोणतेही एक वापरावे, दोनदा वापरू नये.’ तिलाही लाइक्स आले. निम्मे आमचेच असतील, पण निम्मे नव्हते.

लोकांना वाटतं आम्ही मतं बदलायचो. छे, तेवढी कुणाची ताकद? ‘सगळे हेच म्हणतायत’ असं दिसलं की उलट मताचा माणूस टाइप करता करता थांबतो आणि लिहिलेलं खोडतो. त्याचं ते खोडणं, यासाठी पगार होता. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सी या कंपनीवर फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं. बनावट अमेरिकी माणसं उभी करून चालवण्याची त्यातली पद्धत वाचताना आमचीच शीट वाचतोय असं वाटलं.

का सोडलं? त्या शिक्षिकाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच काढलं होतं, चार दिवस पोस्ट टाकायला जमणार नव्हतं म्हणून. एक अनोळखी बाई रोज विचारायची, ‘मॅडम, पट्टी निघाली का? तिखट खाऊ नका. ड्रॉप वेळेवर घाला.’ पाचव्या दिवशी मी उत्तर दिलं, ‘निघाली, आता स्पष्ट दिसतंय.’ तिने नमस्काराचे हात पाठवले. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. राजीनामा त्यानंतर दोन महिन्यांनी दिला, उगाच मोठेपणा नको. खातं आता दुसरं कुणीतरी चालवतं. रोपाला फूल आलंय.

धागाकर्ती

हे वाचून ‘म्हणजे सगळं बॉट (आपोआप चालणारी खाती) आणि भाडोत्रीच करतात तर’ असे तीन प्रतिसाद आले, ते उडवलेत, अटीत बसत नाहीत. एवढंच सांगते : २०१८ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. २००६ ते २०१७ मधल्या, सुमारे ३० लाख लोकांनी ट्विटरवर पसरवलेल्या सव्वा लाखाहून जास्त खऱ्या-खोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. बॉट वगळून बघितलं तरी चित्र तसंच राहिलं. ढकलणारे माझ्यासारखेच, वहिनीला सांगणारे.

धाकटी

बाबांना दर फॉरवर्डला पुरावे पाठवायचे. ‘बाबा, हा फोटो सहा वर्षं जुना आहे. दुसऱ्या देशातला आहे.’ एकदा ते शांतपणे म्हणाले, ‘असेल गं. पण असं होतंच की नाही?’ मी गप्प. त्यांनी बातमी म्हणून पाठवलंच नव्हतं, मनातलं कुणीतरी चित्रात काढून दिलं म्हणून पाठवलं होतं.

पण अट पाळते, माझं सांगते. त्या महिन्यात माझ्या मनासारखं जे जे आलं, त्यातलं मी किती तपासलं होतं? मोजलं. एकही नाही. तपासायची खाज फक्त बाबांच्या बाबतीत.

दोन फोन

नवऱ्याने आणि मी शेजारी बसून एकच बातमी आपापल्या फोनवर उघडली. मला खाली पहिल्या प्रतिक्रिया संतापाच्या दिसल्या, त्याला टाळ्यांच्या. आम्ही दोघंही ‘लोकांचं मत’ बघत होतो.

अविश्वासू

माझा आजार उलटा. एवढ्या वेळा गंडले की आता काहीच खरं मानत नाही. आमच्या कामाच्या ठिकाणी एका वरिष्ठाने कनिष्ठ मुलीला धमकावल्याचं रेकॉर्डिंग फिरलं. ‘हल्ली एआयने कुणाचाही आवाज काढता येतो’ असं मीच सगळ्यात आधी म्हणाले, आणि स्वतःवर खूश झाले, कशी फसले नाही म्हणून. माझं ऐकून आणखी चारजण तसंच म्हणाले. रेकॉर्डिंग खरं होतं. चौकशीत ठरलं, तोवर ती मुलगी नोकरी सोडून गेली होती. त्या वरिष्ठाला स्वतःच्या बचावाला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्याचं काम आम्ही फुकटात केलं.

शंकासुर

‘सुटलो बुवा’ यांचा आयडी तीन दिवसांचा आहे. गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी, पुरावा शून्य. माजी वक्त्यांचा प्रतिसाद वाचल्यावर हे विचारायलाच हवं.

सुटलो बुवा

बरोबर विचारलंत. पुरावा देऊ शकत नाही, करारावर सही आहे. नका मानू.

शंकासुर

ठीक. आता दुसरा प्रश्न. वर ‘साधा माणूस’ यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. ‘मला यातल फार कळत नाही पण’. अख्ख्या प्रतिसादात एक अनुस्वार नाही. साहेब, आपण कोण?

साधा माणूस

अहो मोबाइलवर अनुस्वार सापडत नाही हो. आईशप्पथ.