मल्टी-इको स्कॅनमध्ये टी-टू जास्त येतोय, मदत हवी आहे

जळगावात एमआरआय टेक्निशियन आहे. मशीन १.५ टेस्ला. मोरचूद घातलेल्या पाण्याच्या पाच बाटल्यांचा टी-टू, म्हणजे सिग्नल किती वेळात ओसरतो ते, मोजतोय. हे जमलं की आपल्या केळीचा, पिकताना तो कसा बदलतो ते पाहायचंय.

१६ इको (पल्सनंतर परत उमटणारे सिग्नल) घेतले, १२ ते १९२ मिलिसेकंद, टीआर (एका मापनापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) ३०००. डायकॉम (स्कॅनच्या फायली) काढून पायथनमध्ये एकच घातांकी वक्र बसवला. मधल्या बाटलीचा टी-टू २१५ आला. तीच बाटली साध्या स्पिन इकोने, चार वेगवेगळ्या टीईंवर (इकोच्या वेळांवर), मोजली तर १८०. शिवाय पहिला इको दुसऱ्यापेक्षा फिकट! सिग्नल तर उतरतच जायला हवा.

एकामागून एक १८० अंशांचे पल्स देऊन इको घ्यायच्या कार-पर्सेल यांच्या १९५४च्या पद्धतीत पल्सच्या चुका साठत जातात. माइबूम-गिल यांनी १९५८ मध्ये फेज ९० अंशांनी फिरवून ते बरंच सावरलं. पण स्लाइसच्या कडांना १८० अंश पूर्ण मिळत नाहीत, तिथून स्टिम्युलेटेड इको (अपुऱ्या पल्समुळे तयार होणारे जादा इको) मिसळत असावेत, असा माझा अंदाज.

तापमानाचं म्हणाल तर बाटल्या आदल्या रात्रीपासून स्कॅन रूममध्येच, २२ अंशांवर. बाहेरच्या उन्हाचा प्रश्न नाही. कॉइल बदलून पाहिली, फरक शून्य. पहिला इको वगळला तर २०३ येतो, म्हणजे अर्धवटच सुधारणा.

रिसर्च मोड नाही, पल्सला हात लावता येत नाही. पेशंट संपल्यावर रात्री तासभर मशीन मिळतं, त्यामुळे दर वेळी साधा स्पिन इको परवडत नाही.

रिफोकसिंगचा (त्या १८० अंशांच्या पल्सचा) खरा कोन माहीत नसताना, तो कोन आणि टी-टू दोन्ही या १६ इकोंमधूनच एकत्र काढले तर आकड्यावर भरवसा ठेवता येईल का, की आधी बी-वन नकाशा (पल्सची ताकद कुठे किती पोचते त्याचा) घ्यावाच लागेल?