संगीत नाटक नीट शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, यंदा बीए संपेल. आता संगीत नाटक शिकायचंय, इतिहासही आणि प्रत्यक्ष रंगमंचावर उभं राहणंही. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत 'सौभद्र'मधलं 'वद जाऊ कुणाला शरण' म्हटलं. ताना स्वच्छ आल्या, टाळ्याही पडल्या. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "गाणं झालं, पण सुभद्रा कुठे होती?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. काय वाचू, कुठे शिकू?

पायपेटी: ताई, परीक्षकांनी लाखमोलाचं विचारलं. पद पुन्हा उघडून बघा. 'वद' म्हणजे सांग, आणि पुढे 'अग सखये' आहे. म्हणजे ती मैत्रिणीला विचारतेय! बलरामदादानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मन अर्जुनात गुंतलंय, पोरीला काही सुचत नाहीये. तुम्ही प्रेक्षकांकडे बघून गायलात ना? आमच्या हौशी मंडळात तालमीला पेटी बंद ठेवून आधी पद नुसतं बोलायला लावायचे. सखी समोर बसवायची आणि तिला खरंच विचारायचं. 'शरण' म्हणताना आवाज कुठे अडखळतो ते सापडलं की मग सूर. ऑर्गनवाल्यालाही पदाच्या आधीचं वाक्य पाठ असायचं, त्याच्या शेवटच्या शब्दावर त्याला सूर धरायचा असे.

इतिहासही इथूनच धरा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा. 1880 मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल'मध्ये ती पात्रांच्या तोंडी दिली. साकी, दिंडी, लावणी अशा ओळखीच्या चाली, त्यामुळे बोलता बोलता गाता यायचं. पुढे 'मानापमान'ला (1911) गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर'ला (1916) भास्करबुवा बखले चाली द्यायला आले, रागदारी भरभरून आली, वन्स मोअरनं पदं लांबत गेली. या नाटकांत गाणारे बालगंधर्व माझं दैवत आहेत, तरी शिकणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी देवलांचं 'शारदा' मोठ्यानं वाचा, पदांसकट.

मुळामुठा: पायपेटीकाका, थोडा मतभेद. गाणं शिकलेल्या मुलीनं 'कट्यार काळजात घुसली' (1967) लवकर बघावं. तिथे भांडणच दोन घराण्यांच्या गायकीचं आहे, म्हणून तान हेच पात्राचं बोलणं होतं. ताना टाकून द्यायच्या नाहीत, त्या कुणाच्या आहेत ते कळायला हवं.

कृष्णाकाठ, रीतसर शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघ, गुरुकुल पद्धतीनं शिकवतात, नाट्य आणि संगीत एकाच आवारात. मुंबईत विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. जमलं तर वर्षभर एखाद्या नाटक मंडळीत पडेल ते काम कर. विंगेत उभं राहून पन्नास वेळा ऐकलेलं पद अंगात मुरतं.

पायपेटी: तानेचं म्हणणं मान्य.

कृष्णाकाठ: मनापासून आभार. काल मैत्रिणीला समोर बसवून पद नुसतं बोलून पाहिलं. दुसऱ्या ओळीला तिनं माझा हात धरला आणि मला पुढचे शब्दच आठवेनात. 'शारदा' वाचनालयातून आणलंय. ललित कला केंद्राच्या प्रवेशाची तयारी केलेलं इथे कुणी आहे का?