क्लाससाठी सीआरएम (चौकशा आणि त्यांचा पाठपुरावा नोंदवायचं सॉफ्टवेअर) घ्यायचंय, वेगळं घेऊ की क्लासच्या अ‍ॅपमधलंच चालवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमचे ८वी ते १२वी सायन्सचे क्लासेस आहेत, ११वी-१२वीला बोर्डासोबत सीईटी आणि नीट. दोन शाखा, मुलं साधारण सव्वादोनशे, शिकवणारे आम्ही चौघं आणि ऑफिसला एक मॅडम. आत्तापर्यंत सगळा कारभार इन्क्वायरीची वही, एक गूगल शीट आणि उरलेलं सगळं मॅडमच्या डोक्यात. आता मॅडम लग्न करून पुण्याला चालल्यात, तेव्हा ते डोकं कशात तरी उतरवून घेणं भाग आहे.

वहीतली एक नोंद वाचा म्हणजे कल्पना येईल: "नीट. आई शिक्षिका. लातूरला पाठवायचं चाललंय. वडील फीचं बोलणार. निकालानंतर फोन." हे पाच तुकडे माहीत असले की अ‍ॅडमिशन होतं, नुसतं नाव-नंबर असून काही होत नाही. आणि 'निकालानंतर' म्हणजे तरी कधी? २०२५ पासून ११वीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यामुळे पालक म्हणतात कॉलेज कुठलं लागतंय ते बघू, मग सांगतो सर. म्हणजे प्रत्येक राउंडची यादी लागली की परत सगळ्यांना फोन, आणि त्या दोन दिवसांत आपला फोन गेला नाही तर मूल समोरच्या क्लासमध्ये बसलेलं दिसतं.

एक चांगलं नावाजलेलं सीआरएम फ्रीमध्ये उघडून बघितलं. पहिल्याच फॉर्मला कंपनीचं नाव कंपल्सरी! मी आपलं मुलाच्या शाळेचं नाव टाकून पुढे गेलो. पण खरी गोची पुढे आहे, चौकशीला येतात वडील, नंतर फोन करते आई, व्हॉट्सअ‍ॅप भलत्याच नंबरवर, आणि एकाच घरातली दोन मुलं, एक ९वीला एक १२वीला, दोघांचा नंबर एकच. नंबर धरून शोधलं की दोन्ही मुलांची खिचडी. धाकट्याला कन्सेशन द्यायचं असतं म्हणून दोघं एका घरातली आहेत हे तर कळलंच पाहिजे, पण फीचे हप्ते दोघांचे वेगळे.

दुसरीकडे क्लासवाल्यांसाठीची अ‍ॅप्स आहेत. हजेरी, टेस्टचे मार्क, हप्ते, पावत्या, सगळं झकास. पण इन्क्वायरी म्हणजे नाव, नंबर, इयत्ता, संपलं. एकांचा माणूस डेमो द्यायला आला होता, रेट दर मुलामागे आणि वर्षाचे पैसे आधी. उद्या सोडायचं ठरलं तर डेटा एक्सेलमध्ये मिळेल का विचारलं तर म्हणे सर तुम्हाला कशाला लागतंय. चहा पाजून पाठवलं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची लेबलं लावून बघितली, पण ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ ची मर्यादा आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. नवीन पालक कशाला सेव्ह करतोय.

तर विचारायचंय ते हे: चौकशीला एक आणि अ‍ॅडमिशननंतर दुसरं अशी दोन सॉफ्टवेअर कोणी चालवतं का, की त्यात दुहेरी काम वाढतं? बजेट वर्षाला पंधरा-वीस हजार. नवीन येणाऱ्या मॅडमना मराठीत टाइप करता आलं पाहिजे, आणि पावतीवर जीएसटी वेगळा दिसला पाहिजे (वीस लाखांच्या वर गेलोय, १८ टक्के लागतो).

प्रतिसाद

आमचे नाशिकला क्लासेस आहेत, आम्ही दोन चालवतो आणि काही बिघडलेलं नाही. चौकशी झोहोच्या सीआरएममध्ये, तीन युजरपर्यंत फुकट आहे, तुम्हाला तेवढं पुरेल. फक्त मांडणी डोक्यात उलटी करा. पालक हा कॉन्टॅक्ट, आणि प्रत्येक मूल म्हणजे एक डील (सीआरएममध्ये होऊ घातलेल्या एका व्यवहाराची नोंद). एका कॉन्टॅक्टखाली कितीही डील चालतात, म्हणजे भावंडं आपोआप एका घरात आली. तुमच्या वहीतलं ते 'आई शिक्षिका, लातूर' वगैरे नोट्समध्ये मराठीतच टाका, त्याचे रकाने पाडत बसू नका, रकाने कोणी भरत नाही. पुढच्या फोनची तारीख मात्र टास्क म्हणूनच टाकायची, नोटमध्ये लिहिलेली तारीख कोणाला आठवण करून देत नाही.

अ‍ॅडमिशन झालं की त्या दिवशी एकदाच नाव फीच्या सॉफ्टवेअरमध्ये. दुहेरी काम एवढंच, आणि ते फक्त आलेल्या मुलांचं, चौकशी करून गेलेल्या पाचशे जणांचं नाही. दर मुलामागे रेट असेल तर तिथेही पैसे वाचतात.

मेसेजचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपची एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) घ्या, पण जपून. टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि 'नवीन बॅच सुरू' असला जाहिरातीचा मेसेज हप्त्याच्या आठवणीच्या मेसेजपेक्षा कितीतरी महाग पडतो. एसएमएस करणार असाल तर डीएलटीची (टेलिकॉम कंपन्यांकडे मेसेज पाठवणारा म्हणून करायची) नोंदणी लागते, ती मे महिन्यात करायला बसू नका, आत्ताच करा. आणि चौकशीच्या फॉर्मवर पालकांची सही घेत चला, २०२३ च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती ठेवायला पालकांची संमती लागते.

डेटा परत देत नाही म्हणणाऱ्याला चहा पाजलात हेच जास्त झालं.

धागाकर्ता

पालक कॉन्टॅक्ट आणि मूल डील, हे डोक्यातच आलं नव्हतं, आभारी आहे. एकच शंका, १०वीला आपल्याकडेच असलेला मुलगा ११वीला परत विचारतो तेव्हा जुनीच डील उघडायची की नवीन?

प्रतिसाद

नवीन. जुनी 'अ‍ॅडमिशन झालं' म्हणून बंदच राहू दे, नाहीतर या वर्षी आपली किती मुलं टिकली आणि नवीन किती आली हे जूनमध्ये काढताच येणार नाही. आणि १०वीच्या सगळ्या मुलांच्या ११वीच्या डील जानेवारीतच उघडून ठेवा, ते विचारायला येण्याची वाट बघू नका.