डॉ. हीना गावित: संसदेत आघाडीवर, मग नंदुरबार का गेलं?

तापीकाठ (धागाकर्ता)
2014 ला डॉ. हीना गावित 26 वर्षांच्या होत्या. नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना त्यांनी लाखाहून जास्त मतांनी पाडलं आणि काँग्रेसचा हा बालेकिल्ला पहिल्यांदा भाजपकडे आला. 2019 ला के. सी. पाडवींना हरवून जागा राखली. 2024 ला मात्र पाडवींचे चिरंजीव ॲड. गोवाल पाडवी यांनी त्यांना सुमारे 1 लाख 59 हजारांनी हरवलं. त्याच वर्षी हीनाताईंनी भाजप सोडून अक्कलकुव्यातून अपक्ष विधानसभा लढवली, तिथेही पराभव. माझं मत स्पष्ट आहे: खासदार म्हणून त्या अव्वल होत्या. 2022 आणि 2023 असे लागोपाठ चांगल्या संसदीय कामाचे संसदरत्न पुरस्कार उगाच मिळत नाहीत. लोकांनी राग काढला तो घराण्यावर.

प्रश्नोत्तराचा तास
संसदरत्न हा सरकारी पुरस्कार नाही, चेन्नईची एक खासगी संस्था तो देते. त्यात मुख्य भर आकड्यांवर असतो: किती चर्चांत भाग घेतला, किती खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली) आणली, किती प्रश्न विचारले. आता प्रश्नांचंच बघा. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, तेही सोडतीने. पूरक प्रश्न विचारून मंत्र्याला अडवता येतं ते फक्त तारांकितवर. अतारांकितचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं की विषय संपला. सारख्या मजकुराच्या सूचना एकत्र केल्या जातात आणि प्रश्न प्रत्येकाच्या नावावर मोजला जातो. खासगी विधेयकांचं तर विचारूच नका, 1970 नंतर एकही मंजूर झालेलं नाही. या बेरजेवरून मेहनत दिसते, हे कबूल. डोंगरातल्या धडगावच्या माणसाच्या पदरात काय पडलं ते दिसत नाही.

तापीकाठ
मग खासदाराने करायचं काय? खासदार निधी वर्षाला 5 कोटी. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर अशा सहा विधानसभांत वाटला तर प्रत्येकी 83 लाखांच्या आसपास. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. त्यातही कोविडमुळे 2020-21 चा निधी पूर्ण गोठला आणि पुढच्या वर्षी 5 ऐवजी 2 कोटीच आले. आणि नंदुरबारचं वैद्यकीय महाविद्यालय 2020 ला सुरू झालं, ते यांच्याच काळात ना?

सातपुडा
निधीचा हिशोब बरोबर आहे, पण डोंगरातली खरी अडचण तुम्ही सोडलीत. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत पेशंटला आजही बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं, कारण पाड्याला रस्ता नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी आणि डोंगरी भागासाठी वस्तीची लोकसंख्या किमान 250 लागते. आपले पाडे विखुरलेले, एकेक पाडा सुटा मोजला की त्यातले कितीतरी यादीबाहेर. त्यावर जवळजवळचे पाडे एकत्र मोजून प्रस्ताव पाठवणं हा उपाय आहे.

दुसरा अडथळा वनजमिनीचा. तिथे वनहक्क कायद्याचं कलम 3(2) कामाला येतं. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी 75 पर्यंत झाडं जाणार असतील, तर ग्रामसभेचा ठराव घेऊन उपवनसंरक्षकांच्या (जिल्ह्यातल्या वन अधिकाऱ्यांच्या) पातळीवर मंजुरी मिळते, फाईल दिल्लीला जात नाही. प्रस्ताव अडकतो तो ठरावात कोरम नसल्याने, नाहीतर जमिनीची वेगवेगळ्या खात्यांनी मिळून करायची संयुक्त मोजणी न झाल्याने. हा पाठपुरावा करायला संसदेतलं भाषण लागत नाही, महिन्याला एक बैठक लागते. दहा वर्षं हातात असलेल्या खासदाराला हे विचारायलाच हवं.

शिरपूरकर
ग्रामसभेचा कोरम भरला नाही, हा दोषही खासदाराच्या माथी? तो ग्रामसेवकाला आणि तहसीलदाराला विचारा. 2024 चं गणित वेगळं आहे. ऑगस्ट 2022 ला हीनाताईंचे वडील राज्यात आदिवासी विकास मंत्री झाले, ऑक्टोबरात बहीण जिल्हा परिषदेची अध्यक्ष, आणि खासदारकी घरात होतीच. मित्रपक्षातल्या स्थानिक नेत्यांचा उमेदवारीलाच विरोध होता. त्यात संविधान बदलणार, आरक्षण जाणार ही भीती पाड्यापाड्यात पोचली होती. कामाच्या जोरावर हे थोपवता आलं नसतं. आणि घराणेशाहीच नको होती, तर मग निवडून कोण आलं? माजी मंत्र्याचा मुलगाच ना?

सातपुडा
ग्रामसेवकाला जाब विचारण्याची जागा खासदाराच्याच हातात असते. केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या 'दिशा' समितीचं अध्यक्षपद लोकसभेच्या खासदाराकडे, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, बैठक दर तीन महिन्यांनी. ग्रामसडक, रोहयो, आरोग्य अभियान सगळं त्या टेबलावर येतं. वडील मंत्री आणि बहीण अध्यक्ष असताना तर दिल्ली, मंत्रालय आणि जिल्हा परिषद एका ओळीत होती, म्हणून अपेक्षाही दुप्पट होती. गोवाल पाडवींनाही हेच लागू. रस्ता नसलेल्या पाड्यांची तालुकावार यादी, प्रत्येकापुढे अडथळा कोणता, लोकसंख्येचा की वनजमिनीचा, आणि फाईल कोणाच्या टेबलावर आहे, एवढं दर बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवं.

प्रश्नोत्तराचा तास
या यादीला अनुमोदन. फक्त 'दिशा'ला शिफारशीपलीकडे अधिकार नाहीत. इतिवृत्तावर कार्यवाही झाली नाही तर तोच मुद्दा नियम 377 खाली (खासदाराला लोकहिताचा विषय मांडू देणारा लोकसभेचा नियम) सभागृहात मांडावा लागतो. त्यामुळे संसदेतलं काम बिनमहत्त्वाचं, असं माझं म्हणणं नाही. ते इतिवृत्ताला धरून हवं.