वडिलांचे जुने मल्टिटूल अडकले आहे: गंज कसा काढावा आणि सांधे मोकळे कसे करावेत?

शिरोली_नाका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग विभागात, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामाला होते. १९९०च्या दशकात माझ्या मामांनी त्यांना दुबईहून लेदरमन कंपनीचे एक मल्टिटूल आणून दिले. मिटवल्यावर साधारण दहा सेंटिमीटर लांबीचे, संपूर्ण स्टेनलेसचे, मधोमध टोकदार पक्कड आणि दोन्ही मुठींच्या पोटात सुरी, कानस, टोचणी, डबा उघडणी व लहानमोठे स्क्रूड्रायव्हर असे ते हत्यार आहे. वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याला ते रोज असे. निवृत्तीनंतर त्यांनी ते ओळखीच्या चप्पल कारागिराकडून शिवून घेतलेल्या कातडी पाकिटात घालून ट्रंकेत ठेवले, आणि त्यानंतरच्या दहा-बारा पावसाळ्यांत ते कोणी बाहेर काढलेच नाही.

आजची स्थिती अशी आहे. पक्कड जेमतेम अर्धी उघडते आणि तेथेच अडते. कानस व टोचणी जागची हलत नाहीत. पाकिटाच्या शिवणीला टेकून राहिलेल्या मुठीवर तपकिरी डाग आहेत आणि तिच्या कडेवर कोरलेल्या मोजपट्टीच्या खुणा त्या डागांखाली पुसट झाल्या आहेत. सुरी मात्र कशीबशी उघडली, म्हणून मी उत्साहाच्या भरात ती एका धार लावणाऱ्याकडे नेली. त्याने ती वेगात फिरणाऱ्या चाकावर कोरडीच धरली आणि मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत टोकाकडचा सुमारे आठ मिलिमीटर भाग निळा पडला होता.

हत्याराला कोठेही स्क्रू नाहीत, सर्वत्र रिव्हेट आहेत. त्यामुळे ते खोलण्याचा मार्ग मला दिसत नाही. स्टेनलेसला गंज चढतोच कसा, अडकलेले भाग न मोडता कसे सोडवावेत आणि निळ्या पडलेल्या टोकाचे काय करावे, याबाबत मार्गदर्शन हवे आहे. मला ते काचेच्या कपाटात ठेवायचे नसून रोज वापरायचे आहे, त्यामुळे ते नव्यासारखे चकाकले नाही तरी चालेल.

टूलरूम_निवृत्त

मी शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत. आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला ‘गंज’ हा नसून ‘फौंड्री’ हा वाटतो. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकण माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. माणूस दिवसभर त्या वाळूत वावरला की ती खिशात, बुटात, डब्याच्या झाकणाच्या खोबणीत, सगळीकडे जाते. पट्ट्याला लावलेल्या हत्याराच्या सांध्यात ती गेली नसेल, असे होणे शक्य नाही. त्यात वर्षानुवर्षे कोणी ना कोणी तेल सोडले असणार. तेल, माती आणि कोळसा यांचा सांध्यात वाळलेला लगदा गंजापेक्षाही घट्ट धरतो. म्हणून माझा अंदाज असा की आपले हत्यार गंजाने कमी आणि घाणीने जास्त अडकले आहे.

हा अंदाज खरा असेल, तर पहिले पथ्य हे की ते उघडण्यासाठी जोर लावू नये आणि पक्कड उघडझाप करून ‘मोकळी’ करण्याचा प्रयत्न आत्ता मुळीच करू नये. वाळू म्हणजे सिलिका, आणि सिलिका पोलादाहून कठीण असते. ती आत असताना सांधा हलवणे म्हणजे तो आतून घासून काढणे होय. आधी वाळू धुऊन निघाली पाहिजे, सांधा हलवण्याची पाळी त्यानंतरची.

एक पसरट डबा घ्या, त्यात हत्यार पूर्ण बुडेल इतके डिझेल घाला आणि पक्कड जेवढी उघडते तेवढ्याच स्थितीत ते दोन दिवस बुडवून ठेवा. हे काम उघड्यावर आणि स्वयंपाकघरातील शेगडीपासून दूर करावे. सकाळ-संध्याकाळ जुन्या टूथब्रशने सांध्याच्या फटी घासा, हत्यार डब्यातच हलकेच आपटा आणि डिझेल काळे झाले की बदला. तिसऱ्या दिवशी भांडी घासण्याचा साबण व कढत पाणी यांनी ते धुऊन, फटींतील पाणी सायकलच्या पंपाने उडवून टाका. पोलाद गरम असतानाच शिलाई मशीनचे तेल प्रत्येक रिव्हेटच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडा. कानस तरीही हलली नाही, तर तिला दुसऱ्या पकडीने ओढू नका, कारण नख अडकवण्याची खाच एकदा तुटली की ती कायमची गेली. तांब्याची किंवा पितळेची पातळ पट्टी फटीत सरकवून एका केसाएवढी उचल द्या, पुन्हा तेल सोडा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

रिव्हेट काढण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मुठीच्या पत्र्याचा दाब आणि रिव्हेटची ताण यांवर ही सर्व पाती जागेवर राहतात, आणि कारखान्यात बसलेली ही ताण घरी पुन्हा तशीच बसत नाही. कंपनीने हे प्रारूप १९८३ ते २००४ या काळात बनवले. तिची हमी पंचवीस वर्षांची असते खरी, परंतु पाठवलेल्या हत्याराऐवजी दुसरेच हाती येण्याची शक्यता असते, आणि आपल्याला तर वडिलांचेच हवे आहे.

रंकाळा_पहाट

एवढा खटाटोप कशाला करायचा? कोलाच्या बाटलीत किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर टाकून ठेवा, सकाळी सर्व गंज सुटलेला असतो. पक्कड फारच जड फिरत असेल तर इंजिनाच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट सांध्यात भरून पाच मिनिटे उघडझाप करावी. मी माझ्या गावठी पकडीवर हे केले आहे आणि ती आता एका बोटाने उघडते.

टूलरूम_निवृत्त

एका बोटाने उघडते हीच तिची तक्रार आहे. ऑइल इंजिनांच्या या गावात व्हॉल्व्हची पेस्ट घरोघरी सापडते, म्हणून ती कोठेही लावण्याचा मोह होतो. परंतु सांध्यातील पोलाद एकदा झिजले की पकडीचे जबडे डावी-उजवीकडे डुलू लागतात आणि तार कापण्याच्या धारा एकमेकींवर बसत नाहीत. रिव्हेट ठोकून सांधा थोडा घट्ट करता येतो, पण झिजलेले पोलाद भरून येत नाही.

रसायन_राजारामपुरी

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. स्टेनलेस हे काही न गंजणारे पोलाद नव्हे. ते गंजाला उशिरा बळी पडणारे पोलाद आहे. त्यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करते, आणि तो थर ओरखडला गेला तरी प्राणवायू मिळताच पुन्हा भरून येतो. हत्यारांच्या पात्यांत क्रोमियम सुमारे १३ टक्के असते, तर आपल्या जेवणाच्या ताटांत ते १८ टक्क्यांच्या आसपास असते. पात्याला धार टिकावी म्हणून त्यात कार्बन अधिक घालावा लागतो आणि त्यातील काही भाग क्रोमियमला बांधून ठेवतो. म्हणून ताट गंजत नाही आणि सुरी गंजते.

आता त्या पाकिटाविषयी. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. ते टिकाऊ असते, पण आम्लधर्मी असते आणि पावसाळ्यात हवेतील ओल शोषून धरते. त्यात वडिलांच्या घामातील मीठ मुरलेले असणार, आणि मिठातील क्लोराइड हाच त्या संरक्षक थराचा मुख्य शत्रू आहे. ओल, आम्ल व क्लोराइड एकत्र येऊन हत्याराला चिकटून राहिले आणि बंद ट्रंकेत थर भरून काढण्यास पुरेशी हवाही मिळाली नाही. डाग शिवणीच्याच बाजूला का आले, याचा उलगडा यात होतो. पाकीट आठवण म्हणून जरूर जपावे, मात्र हत्यार त्यात ठेवू नये.

व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण आम्ल गंज खाऊन झाल्यावर थांबत नाही, ते पोलादही खाऊ लागते. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पुरेसे आहे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा आणि तेलकटपणा पूर्ण धुतलेले हत्यार त्यात बुडवा. तेलाच्या थराखाली आम्ल पोहोचत नाही, म्हणून काकांनी सांगितलेली धुलाई आधी झालीच पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी बाहेर काढून ब्रशने घासून पाहा. एका तासापेक्षा जास्त वेळ लागू नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. तारेची लोखंडी घासणी अजिबात वापरू नका. तिचे सूक्ष्म कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात नेमके तेच कण गंजतात, मग लोक म्हणतात की गंज परत आला.

ज्यांच्याकडे लाल मुठीचे स्विस चाकू आहेत, त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यात पात्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे आणि पितळेच्या खिळ्या असतात; आम्लही त्यांना सोसत नाही आणि धुण्याचा सोडाही.

हुपरीची_चांदी

आमच्याकडे पैंजण उजळताना रिठ्याचे पाणी आणि पितळी तारांचा मऊ ब्रश वापरतात. पितळ पोलादाहून मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत, आणि रिठ्याचा फेस फटींतील मळ उचलून आणतो. मोजपट्टीच्या खुणा असलेल्या भागावर बफ (पॉलिशचे फिरते चाक) लावू नका, नाही तर डागांबरोबर खुणाही जातील. आकडे कोरलेले असतात, त्यामुळे डाग निघाले की ते आपोआप दिसू लागतील.

शिरोली_नाका

काका, ताई आणि इतर सर्वांचे आभार. अकरा दिवसांनंतर लिहितो आहे.

पहिल्या रात्रीच डिझेल काळे झाले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी जमलेला गाळ मी पांढऱ्या फडक्यावर गाळून वाळवला. तो चिमटीत धरून चोळला तेव्हा बारीक करकर झाली आणि बोटे शिशाच्या पेन्सिलीने रंगवावीत तशी काळी-राखाडी झाली. चहाच्या अर्ध्या चमच्याएवढी ती वाळू होती. वडील शेजारीच बसले होते. त्यांनी ती बोटाला लावून पाहिली आणि ‘ही आमच्या खात्यातलीच’ एवढेच म्हणाले. काकांचा अंदाज पूर्णपणे खरा ठरला. डिझेल तीनदा बदलल्यानंतर पक्कड विशेष जोर न लावता पूर्ण उघडली. टोचणी चौथ्या दिवशी सुटली. कानस मात्र सहा दिवस अडून बसली होती. तिच्या दातांतून निघालेला लगदा वाळून दगडासारखा झाला होता आणि तो पितळी ब्रशने काढावा लागला.

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात मी एकूण चाळीस मिनिटे ठेवले. तपकिरी डाग गेले, त्याखाली सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहिले आहेत. मोजपट्टीचे आकडे वाचता येतात, फक्त ‘७’ अर्धा दिसतो. आता राहिला प्रश्न सुरीच्या निळ्या टोकाचा.

रसायन_राजारामपुरी

ते खड्डे घासून काढण्याच्या मागे लागू नये, कारण त्यासाठी भोवतालचे चांगले पोलाद उतरवावे लागेल. आत तेलाचा अंश राहील इतके पुसून घेतले तरी पुरेसे आहे.

टूलरूम_निवृत्त

निळा रंग म्हणजे तेथील पाणी उतरले, असे आम्ही म्हणतो. साध्या पोलादावर हा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो आणि स्टेनलेसवर त्याहूनही वरच्या तापमानाला, म्हणजे त्या आठ मिलिमीटरांत कठीणपणा बराच कमी झाला आहे असे धरून चालावे. पॉलिश पेपरने रंग घालवता येतो, कठीणपणा परत येत नाही. पाते तापवून पुन्हा पाणी देण्याचा प्रयोग भात्यावर करू नये. रिव्हेट केलेल्या हत्यारातील एकच पाते नेमक्या तापमानाला नेणे हे घरचे काम नव्हे.

मी असतो तर टोकाला हात लावला नसता. उरलेल्या पात्याची धार शाबूत आहे आणि दोरी, पोते, आंबा ही सर्व कापाकापी पात्याच्या पोटानेच होते. टोक लवकर बोथट होईल, तेव्हा पुन्हा लावावे. प्रत्येक वेळी थोडे पोलाद जाईल आणि काही वर्षांत मऊ भाग आपोआप झिजून संपेल. आजच तोडून टाकले तर पाते आखूड होईल आणि हाती काहीच अधिक लागणार नाही.

धार मात्र यापुढे हातानेच लावावी. दोन बाजूंचा ऑइलस्टोन घ्या, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब टाका आणि पाते दगडाशी सुमारे वीस अंशांत धरा. कोन ओळखण्याची सोपी रीत अशी की पाते दगडाला काटकोनात उभे करावे, त्याच्या निम्म्यावर आणावे आणि त्याच्याही निम्म्यापेक्षा किंचित खाली आणावे. दगडाचा पातळ काप काढत आहोत अशा रीतीने एकाच बाजूने ओढत राहा. पलीकडच्या कडेला अंगठ्याच्या पोटाला खरखर जाणवली की तेथे बर (धारेवर वळून आलेली पोलादाची बारीक कोर) उभी राहिली असे समजावे आणि मगच बाजू बदलावी. खरखर पूर्ण लांबीवर लागण्याआधी बाजू बदलणे, हीच बहुतेकांची चूक असते. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाते उलट दिशेने दहा-पंधरा वेळा फिरवले की बर निघून जाते.

आणि डब्ल्यूडी-४० चा डबा घरात असेल तर तो पाणी उडवण्यापुरताच वापरा. त्याच्या नावातील दोन अक्षरे पाणी हटवणे याच अर्थाची आहेत. ते उडून गेल्यावर सांध्यात पुरेसे वंगण उरत नाही. खोबरेल तेलही नको, ते कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते.

शिरोली_नाका

ऑइलस्टोन लक्ष्मीपुरीतून आणला आहे. टोक तसेच ठेवतो. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की ते त्या टोकाने कास्टिंगवरची वाळू खरवडत असत, त्यामुळे ते पूर्वीही कधी फार धारदार नव्हते.