मदत हवी आहे: रायझन ५६००एक्स प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला (कंपनीच्या स्पीडपेक्षा वर नेला), रात्रीचा रेंडर मधेच बंद पडतोय

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहते, घरूनच इंटिरिअरवाल्यांना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. ग्राफिक कार्ड जुनं २ जीबीचं आहे, मोठा सीन त्यात मावतच नाही, त्यामुळे सगळा रेंडर (सीनमधून शेवटची चित्रं बनवायचं काम) प्रोसेसरवर जातो आणि एका तुकड्याला सहा-सहा तास लागतात. रात्री जेवणं आटोपली की लावायचं आणि सकाळी उठल्या उठल्या बघायचं.

मशीन म्हणजे रायझन ५ ५६००एक्स, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम आणि प्रोसेसरसोबत आलेला तोच छोटा कूलर. घर गच्चीखालच्या मजल्यावर, खोलीची खिडकी पश्चिमेला, एसी नाही, आत्ता मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा खोलीत ३३-३४ डिग्री असतं.

आता केलं काय ते सांगते. एक व्हिडिओ बघून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) प्रोसेसरच्या सगळ्या कोरना ४.६ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.३५ असं हाताने टाकलं. विंडोज नीट उघडलं, ब्राउझर वगैरे सगळं चालू, मला वाटलं जमलं. मग सिनेबेंच आर२३ (प्रोसेसर राबवून बघायची टेस्ट) लावलं तर तिसऱ्या मिनिटाला तापमान ९५ आणि स्क्रीन काळी, मशीन रिस्टार्ट. मग ४.५ केलं, तेव्हा सिनेबेंच दहा मिनिटं पूर्ण चाललं म्हणून त्याच भरवशावर रात्री रेंडर लावला आणि तो अडीचच्या सुमारास बंद पडला, एमपी४ फाइल उघडतच नाही. सकाळी अकराला ठाण्याला नौपाड्यात क्लायंटकडे जायचं होतं, नुसते जुने फोटो दाखवून आले. त्या बाईंनी समजून घेतलं पण मला फार लागलं ते.

प्रोसेसर खराब झाला असेल का? बॉक्सवर ४.६ लिहिलंय मग ४.६ ला का चालत नाही? आणि कूलर बदलला तर जमेल का, की हा नादच सोडू? हे सगळं मला अगदी नवीन आहे तर जरा सोपं करून सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, आधी घाबरू नका, एवढ्याने प्रोसेसर जात नाही. ५६००एक्सची तापमानाची मर्यादाच ९५ आहे, तिथे पोचला की तो स्वतःला सांभाळायला बघतो. रिस्टार्ट होतंय ते बहुतेक व्होल्टेज पुरत नाही म्हणून, चिप जितकी गरम तितकं त्याच स्पीडला जास्त व्होल्टेज लागतं, आणि व्होल्टेज वाढवलं की अजून गरम, असं ते चक्र आहे.

बॉक्सवरचे ४.६ म्हणजे हलकं काम असताना एखाद-दुसरा कोर जिथवर जातो तो आकडा. बेस, म्हणजे मूळ स्पीड, ३.७ आहे, आणि सहाही कोर राबत असताना तो वीज आणि तापमान बघून मधे कुठेतरी राहतो. कंपनीच्या सेटिंगला हा प्रोसेसर ७६ वॅटच्या वर घेतच नाही.

आता हिशोब बघा. उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आत्ता रेंडरला तुमचा ४.२ आणि १.२ व्होल्टवर चालतो, तो ४.६ आणि १.३५ वर नेला तर स्पीड साडेनऊ टक्के वाढला पण उष्णता जवळपास ३९ टक्के. सहा तासांतला अर्धा तास वाचवायला एवढं, ते पण त्या छोट्या कूलरवर आणि ३४ डिग्रीच्या खोलीत, नाहीच जमणार.

सगळं डिफॉल्टला आणा. बायोसच उघडत नसेल तर मशीन बंद करून प्लग काढा, बोर्डवरचा गोल सेल सीआर२०३२ पाच मिनिटं काढून परत बसवा. मग एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून रेंडर चालू असताना कोरचा स्पीड आणि तापमान बघून इथे टाका. आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड किती दिसतो तेही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. डिफॉल्टला आणलं. रेंडरला स्पीड ४.१५ च्या आसपास, तापमान ९२-९३. आणि मेमरी २१३३ दाखवतंय!! रॅम तर ३२०० ची घेतलेली, म्हणजे दोन वर्षं अशीच चालली होती का?

प्रतिसाद २

हो, अशीच चालली, बायोसमध्ये एक्सएमपी, काही बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात, ते चालू केल्याशिवाय रॅम पूर्ण स्पीडला जात नाही, असेंबल करणारे पुष्कळदा विसरतात. चालू करा, रेंडरला फार फरक नाही पडणार पण बाकी मशीन हलकं वाटेल.

कूलर मात्र बदलाच, १२० मिमी फॅनचा साधा टॉवर कूलर पुरे आहे, पाण्याच्या वगैरे भानगडीत पडू नका. पण जुना काढताना एक लक्षात ठेवा, आधी दहा मिनिटं रेंडर चालवून मग बंद करा म्हणजे कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट मऊ होते, प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा, सरळ वर खेचू नका. तुमच्या या एएम४ सॉकेटच्या पिना प्रोसेसरला असतात, पेस्ट सुकलेली असली तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. माझं घोडबंदर रोडला मित्राच्या घरी अगदी असंच झालं, सुईने पिना सरळ करत दोन तास बसलो होतो.

नंतर हाताने स्पीड टाकू नका. बायोसमधल्या पीबीओमध्ये (एएमडीची आपोआप स्पीड वाढवायची सोय) कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, बायोस जुना असेल तर अपडेटनंतर दिसेल, त्यात ऑल कोर, निगेटिव्ह, १०. म्हणजे त्याच स्पीडला थोडं कमी व्होल्टेज, तेवढीच उष्णता कमी आणि तो आपला आपणच वर जातो. हे पटकन ३० वर नेऊ नका, यातली गडबड लोडवर कमी आणि मशीन रिकामं असताना जास्त दिसते, सिनेबेंच पास झालं म्हणजे झालं असं नाही. एक-दोन दिवस साधं वापरा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) दिसलं तर आकडा ५ वर आणा. एएमडीच्या अटींप्रमाणे पीबीओमुळे झालेलं नुकसानसुद्धा वॉरंटीत येत नाही, तेही माहीत असू द्या.

आणि ताई, थेट एमपी४ करू नका हो! पीएनजी फ्रेम काढा आणि आउटपुटमधलं ओव्हरराइट (झालेल्या फाइलवर परत लिहिणं) बंद ठेवा. लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात, परत लावलं की पुढून सुरू होतं.

धागाकर्ती

आठ दिवसांनी लिहितेय. कूलर बसवला, सांगितलं तसं गरम करून फिरवत काढला, प्रोसेसर जागचा हलला नाही. डीओसीपी चालू, कर्व्ह १० वर. रेंडरला ४.५ आणि तापमान ७६-७७, तीच फाइल पाच तास पस्तीस मिनिटांत झाली. काल रात्री मधे लाईट गेलीच, सकाळी १४० पैकी ९१ फ्रेम तयार होत्या, उरलेल्या लावल्या आणि दुपारी वाशीला देऊन आले.

इव्हेंट व्ह्यूअर रोज बघतेय, अजून काही आलं नाही. १५ करून बघू का, की पावसाळा सुरू होऊन खोली थंड होईपर्यंत थांबू?